जासूस घरी कुठे जातो?

मनोहरभाऊ गजभिये आमच्या दारात आले की आधी माणसांकडे पाहायचे नाहीत, दोरीकडे पाहायचे. कपडे वाळत घालायच्या दोरीकडे. एक नजर फिरवायची आणि चप्पल काढता काढता सुरू व्हायचं, "काय वहिनी, पाहुणे गेले वाटते काल? ते हिरवं पातळ तुमचं नाही. आणि साहेबांची नाइट लागली दिसते, दुपारी झोपून राहिले म्हणून चादर आज धुतलीच नाही."

मी म्हणायची, "बाप्पा! भाऊ, चहा घ्या अन् डोळे मिटा."

ते म्हणायचे, "डोळे मिटले तर खाऊ काय?"

खरंच होतं ते. डोळ्यांवरच त्यांचं पोट होतं. मनोहरभाऊ जासूस होते. पिक्चरमधले नाही, खरेखुरे, आमच्या जबलपूरच्या चेरीताल मोहल्ल्यातले. गोहलपुरातल्या एका पेंटरकडून त्यांनी पाटी रंगवून घेतली होती, ‘प्रायव्हेट जासूस, शादी-ब्याह की जाँच’, आणि खाली एक भला मोठा डोळा. पेंटरने त्या डोळ्याला पापण्या काढल्या त्या अगदी हिरॉइनच्या. आमचे हे हसले, म्हणाले, पुसून परत काढून घे. भाऊ म्हणाले, "राहू द्या जी. सुंदर आहे."

आता जबलपुरात जासूसाचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. तर आमच्या सगळ्यांचे बाप विदर्भातून आलेले. कोणी फॅक्टरीत लागला, कोणी रेल्वेत. ते आले तेव्हा नागपूर काय आणि जबलपूर काय, एकच राज्य होतं. मग राज्याची वाटणी झाली, नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही इकडेच राहिलो. इकडे आपले लोक मोजके, तिकडचे ओळखीचे राहिले नाहीत. मुलगी द्यायची तर चौकशी कोण करणार? मुलगा खरंच नोकरीत आहे का, पितो का, आधीचं एखादं लग्न तर लपवलं नाही ना? तर मनोहरभाऊंना सांगा. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, व्हायच्या आधी भाऊंची रिपोर्ट आली पाहिजे, हा आमच्या लोकांत जवळजवळ रिवाजच पडला होता. रिपोर्टही तोंडीच. बैठकीत बसून, पाणी पिऊन, दोन वाक्यांत. "मुलगा चांगला आहे. आई तिखट आहे, पण मनाची वाईट नाही." झालं.

जासूस म्हटल्यावर तुम्ही लपतछपत चालणारा माणूस डोळ्यांपुढे आणला असेल. छे! मनोहरभाऊ चांगले उंच, चालताना चपला करकर वाजायच्या, आणि मोपेड अशी फटफटायची की अर्धी चेरीताल सांगायची, "जासूस आ रहा है, चाय चढ़ाओ." मी एकदा विचारलं, अहो, असं वाजत-गाजत जाऊन तुम्हाला कोण काय सांगणार? तर म्हणाले, "वहिनी, लपणाऱ्याकडे लोक पाहतात. समोर जाऊन उभं राहिलं की कोणी पाहत नाही."

हे वाक्य मी तेव्हा धंद्याचं समजली. ते सगळ्या जन्माचं होतं, हे कळायला मला म्हातारपण यावं लागलं.

त्यांची पद्धत साधी. मुलाच्या घराच्या आसपास तीन-चार वेळा जायचं, वेगवेगळ्या वारी, आणि दोरी पाहायची. माणूस तोंडाने काहीही सांगतो, म्हणायचे, पण धुतलेलं लपवून वाळत नाही. एकदा मात्र मोठी फजिती झाली. मुलगा एकटा राहतो, आई आणि तो, असं सांगितलेलं. आणि दोरीवर रोज पांढऱ्या फडक्यांची रांग! तान्हं मूल आहे घरात, भाऊंनी मनाशी पक्कं केलं. लग्न मोडायच्याच बेतात होतं. नशीब, बोलायच्या आधी शेजारणीला विचारलं. ती हसून लोटपोट. मुलाची आई चक्का बांधून विकायची, त्याची फडकी ती! भाऊ हे सगळ्यांना स्वतः सांगायचे. वर म्हणायचे, "दोरी नाही चुकत. वाचणारा चुकते."

भाऊ आमच्याच वरच्या मजल्यावर राहायचे, आणि त्यांच्यासोबत तिवारीजी. तिवारीजी टॉकीजमध्ये मशीन चालवायचे, म्हणजे पिक्चर दाखवायचे. जाडजूड, गोरे, हळू बोलणारे. मूळचे रीवाकडचे. टॉकीजमधून घरी, घरातून टॉकीजमध्ये. मोहल्ल्यात बोलणं व्हायचं त्यांच्यावर, नाही असं नाही. पण काय बोलायचे? तर पंडित माणूस बौद्धाच्या हातचं जेवतो! त्यांच्याकडच्यांना याची काळजी की यांचा धर्म बुडाला. आमच्याकडच्यांना दुसरीच काळजी. आमचे हे भाऊंना चिडवायचे, "काय मनोहर, पंडित पाळून राहिला का? उद्या सत्यनारायण घालशील." भाऊ म्हणायचे, "घालतो ना. प्रसादाला तुम्हीच या." दोन्हीकडचे लोक या जातीच्या गोष्टीत इतके गुंतलेले, की दोन पुरुष वर्षानुवर्षं एका खोलीत काहून राहतात, लग्न काहून करत नाहीत, हे विचारायला कोणाला सवडच झाली नाही.

मला कळलं होतं का? खरं सांगू? कळलं होतं आणि नव्हतंही. आमच्याकडे त्याला शब्द नव्हता. जे होते ते शिवीचे, आणि ती शिवी या दोघांना बसत नव्हती. मग बिनशब्दाचंच राहू दिलं.

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेत बसली होती. सगळ्या जगाच्या दोऱ्या वाचणाऱ्या या माणसाच्या घरी दोन दोऱ्या होत्या. पुढच्या गॅलरीत मनोहरभाऊंचे कपडे. तिवारीजींचे मागे, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, जिथे ऊन कसंबसं यायचं. पावसाळ्यात बिचाऱ्या तिवारीजींच्या शर्टांना कुबट वास. मी एकदा बोलली, "भाऊ, पुढे एवढी जागा आहे, त्यांचे कपडे पुढे काहून नाही टाकत?"

चहाचा कप हातात तसाच धरून ते म्हणाले, "माझ्यासारखे वाचणारे दुसरेही असतील ना, वहिनी."

मी विषय बदलला. कोणता काढला ते आठवत नाही.

पिक्चरचं सांगायचं राहिलंच. तिवारीजींमुळे आम्हाला मॅटिनीला मागच्या रांगेत जागा मिळायची. मी, आमचे हे आणि मनोहरभाऊ. भाऊंना रहस्याचेच पिक्चर लागायचे. बंगला, धुकं, बाई गाणं म्हणत फिरते, आणि एक जासूस कोटाची कॉलर वर करून सिगरेट ओढतो. इंटरवलपर्यंत भाऊ खुनी ओळखायचे आणि सामोसा खात सांगूनही टाकायचे. पुढच्या रांगेतले ओरडायचे, "अरे भाई साहब, पैसे दिए हैं!"

पण त्यांची तक्रार वेगळीच होती. पिक्चर सुटला की रस्त्यात दर वेळी तेच, "खुनी सापडला, ठीक आहे. पण हा जासूस घरी कुठे जातो? दाखवतच नाही. एक तर शेवटी ती पोरगी त्याच्या गळ्यात पडते, नाहीतर तो धुक्यात निघून जातो. अरे, धुक्यात कुठे? जेवते कुठे? त्याची वाट कोण पाहते?"

आमचे हे म्हणायचे, "तुला काय करायचं त्याच्या जेवणाचं? तू काय जेवशील ते सांग."

आणि दुसरं एक. त्या पिक्चरांत एखादा लचकत चालणारा, बायकी बोलणारा माणूस असायचाच. तो आला की टॉकीजभर शिट्ट्या. भाऊ माझ्या कानाशी म्हणायचे, "वहिनी, असा माणूस दिसला की समजून जा. एक तर हाच खुनी, नाहीतर इंटरवलच्या आधी मेलेला. तिसरं काही लिहिलंच नाही त्याच्या नशिबात." हसत म्हणायचे. पण हसू ओठांपाशीच.

आता गंमत ऐका. माझी नणंद नागपूरहून आली होती. आम्ही पाहिलेलाच पिक्चर तिने तिकडे पाहिला होता. ती सांगू लागली, त्यात तो बायल्या माणूस साडी नेसून नाचतो, लोक त्याला बदडतात, आम्ही हसून हसून मेलो. मी म्हटलं, कुठं बाई? आमच्या पिक्चरमध्ये असं काही नव्हतंच. ती म्हणे, तू झोपली असशील. मी नव्हती झोपली. मग आठवलं, आमच्या टॉकीजमध्ये तिथं पडदा पांढरा झाला होता, लोकांनी आरडाओरडा केला होता, आणि पिक्चर पुन्हा सुरू झाला तेव्हा गोष्ट पुढे गेलेली होती.

रीळ तुटते. तुटली की मशीनवाला दोन टोकं कापून चिकटवतो, तेवढा तुकडा जातो. हे नेहमीचंच होतं. पण मग मी ध्यान देऊ लागली. आमच्या टॉकीजमधली रीळ बरोबर तशाच जागी तुटायची! भाऊ मागच्या रांगेत बसलेले असले की जास्तच.

मी हळूच म्हटलं, "भाऊ, तुमच्या तिवारीजींची मशीन फार समजदार आहे."

भाऊ म्हणाले, "ही एकच केस आहे वहिनी, जी मी उघडली नाही." आणि कान लाल.

आता ते सांगते, ज्याने मनोहरभाऊंचं नाव गेलं.

माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, जवळच पनागर गावी शाळेत मास्तर होता. त्याच्या मुलीसाठी, सुषमासाठी, स्थळ आलं. मुलगा जबलपुरातच, सरकारी ऑफिसात, दिसायला गोड, नम्र. दादाला इतका पसंत की त्याने रिवाज मोडला. आधी साक्षगंध उरकलं आणि मग माझ्या आग्रहावरून मनोहरभाऊंना सांगितलं, जरा पाहून या. भाऊ गेले. आणि पंधरवडा झाला तरी रिपोर्ट नाही. मग एक दिवस मुलाकडूनच निरोप आला, लग्न करायचं नाही. कारण? काही नाही. मुलीत काही खोट नाही, माफ करा, एवढंच.

जासूसाच्या गोष्टीत शेवटपर्यंत लपवतात. मी काही जासूस नाही, इथंच सांगून टाकते. मला हे पुष्कळ वर्षांनी भाऊंनीच सांगितलं. त्या मुलाच्या खोलीबाहेर दोरी होती. दोन मापांचे शर्ट. सोबत मित्र राहतो, हे सगळ्यांना माहीत होतं, त्यात काही नाही. पण दोघांचे शर्ट एकाच हाताने पिळलेले, एकाच हाताने झटकलेले, बाहीला बाही लावून टाकलेले. भाऊ म्हणाले, "मी ती दोरी पाहिली वहिनी, आणि मले घाम फुटला. माझीच मागची दोरी कोणीतरी पुढे आणून बांधली होती."

त्यांनी मुलाला चहाच्या टपरीवर बोलावलं. म्हणाले, "बेटा, मी कोणाला सांगत नाही. पण त्या पोरीला फसवू नको. तू स्वतः नाही म्हण." मुलगा रडला. आईच्या नावाने रडला, नोकरीच्या नावाने रडला. पण शेवटी लग्नाला नाही म्हणाला.

इकडे पनागरात गोष्टींना पाय फुटले. साक्षगंध झालेलं मोडलं म्हणजे मुलीतच काहीतरी असणार. आणि कोणीतरी दादाला सांगितलं, तुमचा जासूस आणि तो मुलगा टपरीवर डोक्याला डोकं लावून बसलेले आम्ही पाहिले. झालं! दादा तडक चेरीतालला आला. माझ्याकडे पाणीसुद्धा प्यायला नाही. गल्लीत उभा राहून वर पाहत ओरडू लागला, "गजभिये! खाली ये! माझ्या पोरीबद्दल काय सांगितलं त्या पोराला? दुसऱ्या पार्टीकडून किती घेतले?"

मनोहरभाऊ खाली आले. सगळी गल्ली दारात.

"दादा, तुमच्या पोरीबद्दल वाईट एक शब्द नाही बोललो मी."

"मग मोडलं काहून? बोल ना! तोंड उघड!"

"चौकशी पूर्ण नाही झाली. रिपोर्ट नाही देत मी."

"अशी कशी नाही देत? मी विचारून राहिलो ना तुला!"

मी मध्ये पडली, म्हटलं, दादा, भाऊ असं करणार नाहीत. दादा म्हणाला, तू घरात जा. वर दारात तिवारीजी कठड्याला धरून उभे. ते खाली यायला एक पायरी उतरले असतील, भाऊंनी मान न वळवताच हात मागे करून त्यांना थांबवलं. ते पाहिलेलं मला अजून दिसतं. समोर एवढा माणूस ओरडतोय आणि याचं सगळं लक्ष पाठीमागच्या पायरीवर.

एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. दादाच त्यांच्या पाया पडला असता की पोर वाचवली म्हणून. पण ते वाक्य त्या पोराच्या ऑफिसात, त्याच्या आईच्या दारात गेलं असतं. मग नंतर मी विचारलं, मुलगा पितो म्हणून सांगायचं होतं ना, काहीही खोटं. तर म्हणाले, "खोटी रिपोर्ट जन्मात दिली नाही. खरी देता येत नव्हती. मग नाही दिली."

त्यानंतर कोण काम देणार? विकलेला जासूस म्हणून नाव झालं. रिवाजही सुटला, लोक फोनवर चौकश्या करू लागले. पाटी काढली. तिवारीजींनी ती मागच्या पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून ठेवली. मी गच्चीत गेली की तो पापण्यांचा डोळा आभाळाकडे पाहत असलेला दिसायचा. भाऊ एका वकिलाकडे समन्स पोचवायचं काम करू लागले. मोपेड तीच. पण आता लोक चहा चढवायचे नाहीत, दार लावून घ्यायचे. कधी तक्रार केली नाही. फक्त बोलणं कमी झालं, आणि माझी दोरी वाचणं बंद झालं. मी एकदा मुद्दाम म्हटलं, "भाऊ, सांगा पाहू काल कोण आलं होतं?" त्यांनी पाहिलं, आणि म्हणाले, "थकलो वहिनी. आता कपडे कपडेच दिसतात."

टॉकीज बंद पडली. तिवारीजी घरी बसले, मग अंथरुणाला लागले. भाऊंनी सगळं केलं, सगळं म्हणजे सगळं. ते गेले तेव्हा रीवाकडून पुतणे आले. भली माणसं होती, पण घाईत. त्यांच्या रीतीप्रमाणे सगळं त्यांनीच केलं. भाऊ मागे उभे. एकाने विचारलं, "आप?" भाऊ म्हणाले, "पड़ोसी." पुतण्यांनी ट्रंक नेली, घड्याळ नेलं, फोटोही नेला. मागच्या दोरीवर दोन शर्ट वाळत होते, ते त्यांना दिसले नाहीत. टाकीआड कोण पाहणार?

एव्हाना आमचे हेही गेले होते. मी खाली एकटी, ते वर एकटे. सुषमाचं पुढे चांगलं झालं. नागपूरला दिली, सुखात आहे. तिची मुलगी निकिता शिकायला इकडे आली, माझ्याकडेच राहिली. तिला मराठी कळतं, पण बोलताना अर्धं हिंदीत जातं. तिची आणि भाऊंची गट्टी जमली. जासूस होते म्हटल्यावर ती तर वेडीच झाली. "दादाजी, सच में? बंदूक होती?"

"मोपेड होती," भाऊ म्हणाले.

एका रविवारी ती लॅपटॉप घेऊन बसली. म्हणाली, "आजी, दादाजींना बोलाव ना. एक जासूसवाली पिक्चर आहे, एकदम मस्त." इंग्रजी पिक्चर, खाली हिंदी अक्षरं. मी सोलायला मटार घेतले. भाऊ खुर्चीत. एका म्हातारीचा खून होतो, एक अर्धवट टक्कल पडलेला जासूस येतो, घरच्या प्रत्येकाला शांतपणे विचारतो. भाऊ पुष्कळ दिवसांनी बोलू लागले, "तो माळी नाही. माळी दाखवायला ठेवला आहे." बरोबरच निघालं. खुनी सापडला. मला वाटलं, संपलं, आता धुकं येणार.

धुकं नाही आलं. पाऊस होता. जासूस पावसातून एका घरी गेला, स्वतःच्या किल्लीने दार उघडलं. आत दुसरा एक पुरुष बसलेला, त्याच्याच वयाचा. तो उठला, याचे ओले बूट उचलले, आणि त्यांत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबू लागला, वाळावेत म्हणून. जासूस त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकून उभा राहिला. तेवढंच. संपला पिक्चर.

निकिता माझ्याकडे पाहू लागली. आजी आता काय म्हणते, असं. मी मटार सोलत होती.

भाऊ म्हणाले, "बेटा, ते शेवटचं पुन्हा दाखव."

तिने दाखवलं. त्यांनी आणखी एकदा मागितलं. मग चष्मा काढून धोतराने... नाही, धोतर ते कधी नेसत नव्हते, मीच आपली सवयीने लिहिते. शर्टाच्या टोकाने पुसला आणि म्हणाले, "तिवारी असता तर ही रीळ कापली नसती."

निकिताला काही कळलं नाही. तिला मी मटार आत ठेवायला पाठवलं. आणि तेव्हा, मी काही न विचारता, त्यांनी मला त्या मुलाची, त्या दोरीची गोष्ट सांगितली. सुषमाची पोर आत डबे वाजवून राहिली होती, आणि हे हळू आवाजात सांगत होते. शेवटी म्हणाले, "हिला नका सांगू."

मी म्हटलं, "सांगायचं का नाही, ते तुम्ही ठरवा. पण चांगली गोष्ट आहे भाऊ. लपवण्यासारखी नाही."

भाऊ उठले. पायऱ्या चढताना कठड्याला धरून दोनदा थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर दात घासत होती. वर पाहिलं. मनोहरभाऊ पुढच्या गॅलरीत उभे. बादलीतून एकेक कपडा काढून झटकत होते. स्वतःचा सदरा टाकला. मग मोठ्या मापाचे दोन शर्ट टाकले, जुने, कॉलर विरलेले, ढगळ. बाहीला बाही लावून. त्या एकेकात दोन मनोहरभाऊ मावले असते.

समोरची दुबेन खालून ओरडली. तिला सगळ्यांच्या घरचं पाहिजे असते. "जासूस साहब! मेहमान आए हैं क्या?"

भाऊंनी तोंडातला चिमटा काढला, शर्टाला लावला, आणि वाजत-गाजत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले,

"मेहमान नहीं, भाभी. घर के हैं."